मंगळवारचं हसणं

१

डबा जागेवर होता, आतली टेप नव्हती.

शनिवारी सकाळी चित्रपटाच्या कचेरीतलं लोखंडी कपाट उघडलं तेव्हा एकेचाळीस पुठ्ठ्याचे डबे नेहमीसारखे रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या पाठीवर निळ्या शाईत क्रमांक आणि दोन तारखा. प्रत्येकात दोन टेपा, एक फोनची आणि एक उलगड्याची. सतराव्या डब्यात मात्र एकच निघाली. कुलूप फोडलेलं नव्हतं, कडीवर साधा ओरखडाही नव्हता. नवल म्हणजे मोलाची टेप चोराने तशीच ठेवली होती आणि नेली होती ती दुसरी.

ते डबे म्हणजे दाजींचं सगळं आयुष्य. बावीस वर्षांपूर्वी दाजी आणि त्यांचा मेव्हणा मिळून इथल्या रेडिओवर दर गुरुवारी एक कार्यक्रम करायचे. परगावच्या कुणा अनोळखी माणसाला फोन लावायचा, दाजींनी कधी साहेब तर कधी म्हातारा होऊन त्याच्यापुढे एखादी अजब अडचण मांडायची, आणि ती सोडवायला तो बिचारा कसा धडपडतो ते टेप करायचं. फोन नेहमी परगावचाच, म्हणजे ऐकणाऱ्यांत कुणी ओळखीचं निघायला नको. टेप सुरू असताना मेव्हणा त्यांना दाजी म्हणायचा. ते श्रोत्यांनी ऐकलं आणि शहरभर तेच नाव झालं. मेव्हण्याचे कान इतके तिखट की त्याला सगळे कानसेन म्हणत.

दोघांचा एक नियम होता आणि त्याचा दाजींना फार अभिमान. फसवलेल्या माणसाला पुन्हा फोन करून खरं काय ते सांगायचं. याला ते उलगडा म्हणत. माणूस हसला तरच कार्यक्रम लागायचा. रागावला, दुखावला, तर टेप पुसून टाकायची. आम्ही लोकांची टर उडवली पण कुणाच्या डोळ्यांत पाणी आणलं नाही, हे वाक्य दाजींनी गेल्या बावीस वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यांच्या बायकोला ते पाठ होतं.

आता त्या कार्यक्रमावर चित्रपट निघत होता, आणि सगळा डोलारा उभा होता तो सतराव्या फोनवर. एक कुलूपवाला, किल्ल्या बनवून देणारा. दाजींनी त्याला सांगितलं की मी बँकेच्या मागच्या खोलीत अडकलोय, आज रविवार, शिपाई बाहेरून कुलूप लावून गेला. तो भला माणूस अकरा मिनिटं फोनवर राहिला, श्वास कसा घ्यायचा, घाबरायचं कसं नाही हे शिकवत राहिला आणि शेवटी 'मी आलोच' म्हणून फोन ठेवून निघाला. त्याच्या उलगड्यातलं चौदा सेकंदांचं हसणं चित्रपटाच्या शेवटी अंधाऱ्या पडद्यावर नुसतं ऐकवायचं, असं ठरलं होतं. तेच हसणं गायब झालं होतं.

निर्मातीबाईंनी पोलिसांना बोलावलं नाही. बोभाटा झाला तर चित्रपट जन्माला येण्याआधीच बदनाम होईल, या धास्तीने त्यांनी सहीबाईंना बोलावलं.

सहीबाईंचं काम त्यांच्या नावातच होतं. चित्रपटात ज्यांची गंमत दाखवायची त्या एकेचाळीस जणांना शोधायचं, तयार करायचं आणि परवानगीच्या कागदावर त्यांची सही आणायची. त्याआधी वीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत दावे तपासले होते, त्यामुळे माणूस खरं बोलतोय की गुळमुळीत, हे त्यांना चेहऱ्यापेक्षा हातांवरून कळायचं. चाळीस सह्या झाल्या होत्या. राहिली होती ती सतराव्याचीच. दोन महिने पायपीट केल्यावर परवा कुठे कुलूपवाल्याच्या मुलीचा पत्ता लागला होता, आणि तिने फोनवर दोनच वाक्यं बोलून विषय मिटवला होता. वडील वारले त्याला वर्षं झाली. त्यांचं नाव कुठेही नको, त्या नावापायी आमच्या घरातून फार काही गेलंय.

शुक्रवारच्या बैठकीत सहीबाईंनी हे सगळ्यांना सांगितलं होतं. आणि शनिवारी टेप नाहीशी झाली.

२

कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: दाजी, कानसेन आणि चित्रपटाचा लेखक. निर्मातीबाईंनी स्वतःची किल्ली महिन्यापूर्वीच लेखकाला देऊन टाकली होती. सहीबाईंनी तिघांनाही वेगवेगळं गाठलं.

लेखक तिशीतला, चष्मा सतत वर सरकवणारा आणि कमालीचा चिकट. एकेचाळीस डब्यांतल्या सगळ्या टेपा त्याने कानाला लावून ऐकल्या होत्या आणि त्यातला प्रत्येक आवाज कागदावर उतरवला होता. शब्द तर होतेच, शिवाय खोकला, खुर्चीची करकर, मागे रडणारं मूल, काही म्हणून सोडलं नव्हतं. त्याचं आणि दाजींचं एका गोष्टीवरून वाजलं होतं. लेखकाला ते हसणं शेवटी नको होतं. आधीच्या अकरा मिनिटांत इतका जीव असलेला माणूस उलगड्यात कोरडा हसतो, दोन वाक्यं बोलून फोन ठेवतो, हे त्याला खटकत होतं. पण मला ते आवडत नाही म्हणून मी चोरी करेन का, असं तो म्हणाला तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्याचे हात मात्र स्वस्थ होते. जाताना सहीबाईंनी त्याच्याकडून उतरवलेल्या कागदांची जाड थप्पी मागून घेतली आणि त्याने ती कौतुक झाल्यासारखी आनंदाने दिली.

दाजी घरी खिडकीपाशी बसले होते. साठीला टेकलेले, पण आवाज अजून तरणा. टेप गेल्याचं त्यांनी मनाला फार लावून घेतलं होतं. सहीबाईंनी त्यांना त्या फोनची सगळी हकिकत विचारली.

दाजींनी सांगितलं की फोन करण्याआधी ते कायम भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. ज्याचं सोंग घ्यायचं त्याचा आवाज अंगात यायला तेवढा वेळ लागायचा. आकडे त्यांच्या लक्षात राहत नसत. डायल कानसेनच फिरवायचा आणि घंटी वाजू लागली की रिसीव्हर त्यांच्या हातात द्यायचा. कार्यक्रमाच्या एकाही फोनाला त्यांनी स्वतः डायल फिरवली नव्हती. सतराव्याच्या वेळी कुलूपवाला निघालाय हे कळताच त्यांनी लगेच परत फोन लावायला सांगितला, त्याला बिचाऱ्याला हेलपाटा नको म्हणून. पण कुणी उचलला नाही.

"दोन दिवसांनी लागला," दाजी म्हणाले. "मला आधी धाकधूक होती. पण तो हसला ना. हसला म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला."

सहीबाईंनी जाता जाता विचारलं की जुन्या टेपा साफ करून घेण्याची कल्पना कुणाची. सोमवारी एक तंत्रज्ञ येणार होता. त्याच्या यंत्रात टेपेवरचा एकेक आवाज वेगळा काढता येत असे. कल्पना दाजींचीच निघाली. कानसेनने नको म्हटलं होतं, जुन्या टेपेला हात लावला तर तुटेल म्हणाला होता, पण दाजींनी हट्टच धरला.

कानसेन सगळ्यात कमी बोलला. तो आता ऐकू न येणाऱ्यांची कानात घालायची यंत्रं दुरुस्त करायचा. एवढ्याशा खोलीत टेबलावर भिंग लावून, चिमट्यात तार धरून बसलेला. टेप कुणी नेली असेल, या प्रश्नावर त्याने कानावर हात ठेवले. शुक्रवारी बैठकीनंतर तो कचेरीत थांबला होता का, तर आठवत नाही. बोलताना चिमटा आणि भिंग त्याने खाली ठेवलं आणि दोन्ही हात टेबलाखाली नेले. सहीबाईंनी ते पाहिलं, पण एवढ्यावरून माणसाला चोर ठरवायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी परगावच्या गाडीचं तिकीट काढलं.

३

कुलूपवाल्याची मुलगी छत्तीस वर्षांची होती आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचं काम करायची. रविवार असल्याने घरी होती. तिने सहीबाईंना दारातूनच परत पाठवलं असतं, पण चार तासांचा प्रवास करून आलेली बाई पाहून तिला ते जिवावर आलं. पाणी दिलं, खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली.

सहीबाईंनी सहीचा कागद पिशवीतून काढलाच नाही. तुमच्या वडिलांबद्दल सांगा, एवढंच म्हणाल्या.

 मग जे सांगू लागली ते एका दमात. वडिलांचं दुकान इथून तासाभरावरच्या गावात होतं. दुकान म्हणजे काय, एक फळकूट, किल्ल्या घासायचं यंत्र आणि शेजारच्या शिंप्याबरोबर वाटून घेतलेला फोन. एका रविवारी सकाळी ते घरातून दुकानात गेले आणि दुपारी पोलीस घरी आले. वडील गावातल्या बँकेच्या मागच्या लोखंडी जिन्यावर मरून पडलेले सापडले होते. हृदय बंद पडलं. पण माणसं हळहळली नाहीत, कारण शेजारी हत्यारांची पिशवी उघडी होती आणि बँकेच्या मागच्या दाराचं कुलूप निघालेलं होतं. सुट्टीचा दिवस, बंद बँक, उघडलेलं कुलूप.

"चोरी करायला गेला आणि देवाने तिथेच धरला, असं म्हणाले," ती म्हणाली. "गल्लीत पहिल्यांदा शेजारचा शिंपीच म्हणाला. ज्याच्याबरोबर माझे वडील रोज बसायचे तो."

मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, त्यामुळे तो निर्दोष सुटतही नाही. आईने वर्षभर तोंड चुकवत दिवस काढले आणि मग गाव सोडलं. थोरल्या भावाचं ठरलेलं लग्न मोडलं. शाळेत हिला चोराची म्हणू लागले. भाऊ कुठल्याशा दूरच्या शहरात गेला आणि त्याने आडनाव लावणं सोडलं.

"ते तिथे का गेले, तेवढं मला कळत नाही," ती म्हणाली. "चोर नव्हते हे मला आतून ठाऊक आहे. पण आतलं कुणाला दाखवू? आई जाताना विचारत होती, का गं गेले असतील तिथे? मला काही सांगता आलं नाही."

 का गेले होते, हे सहीबाईंना माहीत होतं. दाजींच्या शहरातल्या हजारो माणसांनी ते रेडिओवर ऐकलं होतं, बँकेचं नाव कापलेलं, पोट धरून हसत. फक्त या बाईने ऐकलं नव्हतं, कारण कार्यक्रम इथपर्यंत पोचतच नसे.

पण तोंड उघडण्याआधी त्यांनी एक गोष्ट विचारली, ती म्हणजे तारीख. मुलीने भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. खाली लिहिलं होतं, नऊ मार्च.

सतराव्या डब्याच्या पाठीवर निळ्या शाईत दोन तारखा होत्या. फोन रविवारी, नऊ मार्चला. उलगडा मंगळवारी, अकरा मार्चला. त्या मंगळवारी दाजींच्या फोनवर जो माणूस चौदा सेकंद हसला, तो मरून दोन दिवस झाले होते.

४

परतीच्या गाडीत सहीबाईंनी मांडीवर लेखकाची थप्पी घेतली आणि सतराव्याचे कागद उघडले. मुलीला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. अर्धवट सांगणं न सांगण्यापेक्षा वाईट, असं त्यांना विम्याच्या कामाने शिकवलं होतं. फक्त परत येते म्हणाल्या होत्या.

आधी त्यांनी सोपा मार्ग तपासून पाहिला. डब्यावरची तारीख चुकली असेल. कुणाची चुकत नाही? पण मग ती चुकीची टेप चोरायची कशाला? चोराला टेपेवरचे शब्द लपवायचे नव्हते, कारण ते रेडिओवर लागून गेले होते आणि अनेकांनी घरी उतरवूनही घेतले होते. म्हणजे रेडिओवर जे लागलं नाही आणि मूळ टेपेवर आहे, असं काहीतरी त्याला लपवायचं होतं. सोमवारी साफ करणारा तंत्रज्ञ ते उकरून काढणार होता.

रेडिओवर लावताना काय कापत? सुरुवात. लेखकाने सुरुवात उतरवली होती. कानसेनची सवय अशी की आधी टेप सुरू करायची आणि मगच फोनला हात लावायचा, म्हणजे पहिला शब्द सुटत नाही. त्यामुळे प्रत्येक टेपेच्या तोंडाशी लेखकाने कंसात एकच ओळ लिहिली होती आणि त्याच्या चिकट स्वभावाला जागून आकडाही टाकला होता.

सोळावा फोन: डायल फिरल्याचा आवाज, दहा वेळा. सोळावा उलगडा: दहा वेळा. सतरावा फोन: दहा वेळा. अठरावा, एकोणिसावा, विसावा, सगळीकडे दहा. परगावचा फोन म्हणजे आधी शून्य, मग गावाचा आकडा, मग माणसाचा. सहीबाईंच्या वयाच्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, त्यांची बोटं दुखेपर्यंत त्यांनी त्या डायली फिरवल्या होत्या.

सतरावा उलगडा: डायल फिरल्याचा आवाज, सहा वेळा.

सहीबाईंनी कागद मिटला. सहा आकडे म्हणजे शहरातल्या शहरात. मंगळवारचा तो फोन परगावी गेलाच नव्हता. याच शहरातल्या कुठल्यातरी घरात वाजला होता, आणि ज्याने उचलला तो कुलूपवाला व्हायला तयार होऊन बसला होता.

फसवलं कुणी, याचं उत्तर आता लांब नव्हतं. लेखक त्या वेळी शाळेत होता, शिवाय त्यानेच चोरी केली असती तर हे कागद स्वतःच्या हाताने दिले नसते. दाजींना ठाऊक असतं तर टेपा यंत्रात घालण्याचा हट्ट त्यांनी धरला नसता. आणि डायल फिरत असताना दाजी भिंतीकडे तोंड करून उभे असत. फिरवणारा एकटाच होता.

५

सोमवारी सकाळी सहीबाई त्या एवढ्याशा खोलीत शिरल्या तेव्हा कानसेन काम करत नव्हता. टेबल आवरलेलं होतं आणि मधोमध टेप ठेवलेली होती.

त्यांनी दहा आणि सहाचा हिशेब सांगितला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तारीख चुकली म्हणता आलं असतं, एवढंच तो म्हणाला. डायल चुकत नाही. फिरून परत यायला प्रत्येक आकडा वेगळा वेळ घेतो, यंत्रात टाकलं असतं तर अख्खा नंबर वाचता आला असता. तो नंबर त्याच्या एका नट मित्राचा होता. तो मित्रही आता हयात नव्हता.

मग त्याने सगळं सांगितलं. नियमाप्रमाणे सोमवारी त्याने एकट्यानेच कुलूपवाल्याच्या दुकानात फोन लावला होता, माणूस जागेवर आहे का बघायला. शेजारच्या शिंप्याने उचलला आणि एका दमात सांगून टाकलं, कुलूपवाला गेला, बँक फोडायला गेला होता. ते ऐकून कानसेनने फोन ठेवून दिला. घरी ताईचे दिवस भरत आले होते. या कार्यक्रमापायी दाजींनी कायमची नोकरी सोडली होती. आणि दाजींचा स्वभाव त्याला माहीत होता, कुणी नुसतं रागावलं तरी दोन दिवस जेवायचे नाहीत. हे कळलं असतं तर ते पुन्हा उभे राहिले नसते. म्हणून त्याने मंगळवारी मित्राला शिकवून बसवलं, फार बोलू नकोस, हसून मोकळा हो, म्हणून.

"मी त्यांना वाचवलं असं मला वाटायचं," कानसेन म्हणाला.

"आणि त्या घराला?"

  सहीबाईंना त्याची कीव येत होती आणि रागही येत होता, आणि त्यांनी दोन्हीपैकी काही लपवलं नाही.

"शिंपी म्हणाला चोरी करायला गेला होता, तेव्हा तुम्हाला एकट्याला माहीत होतं की तो का गेला होता," त्या म्हणाल्या. "साऱ्या जगात तुम्हा एकट्याला. एका ओळीचं पत्र टाकलं असतंत, नाव न घालता, तरी एक पोरगी चोराची पोरगी म्हणून वाढली नसती."

"माणूस तर गेलाच होता. मला वाटलं, आता सांगून काय..." त्याने टेबलावरची टेप हातात घेतली. मग म्हणाला, "टेप पुसायला घेतली होती परवा. तीनदा यंत्रावर चढवली. होईना बाई. एवढ्या टेपांत मी एकच टेप खोटी केली, आणि तीच सगळ्यांना आवडली."

६

दाजींना कुणी सांगायचं, यावर दोघांचं फार बोलणं झालं नाही. कानसेन उठला आणि टेप खिशात घालून निघाला. सहीबाई दाजींच्या घरी बाहेरच्या खोलीत बसून राहिल्या. आतून कानसेनचा आवाज येत होता, हळू, अडखळत. दाजींचा अजिबात नाही. ज्या माणसाने आयुष्यभर चाळीस आवाज काढले त्याला त्या दिवशी स्वतःचा सापडेना.

ते बाहेर आले तेव्हा त्यांनी चपला घातल्या होत्या. पत्ता द्या, एवढंच म्हणाले. मेव्हण्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पण गाडीत बसताना, तूही चल, म्हणाले, आणि वाटेत कचेरीत थांबून सतराव्याची पहिली टेप आणि यंत्र बरोबर घेतलं.

मुलीसमोर दाजी खुर्चीवर बसले नाहीत. मीच तो फोन केला होता, बँकेत कुणी अडकलेलं नव्हतं, असं त्यांनी उभ्यानेच सांगितलं. क्षमा मागितली नाही, मागायला तोंड नाही म्हणाले. मग सतराव्याची पहिली टेप यंत्रावर चढवली.

ती अकरा मिनिटं सहीबाईंनी त्याआधी दोन-तीनदा ऐकली होती आणि प्रत्येक वेळी हसल्या होत्या. आता त्यांना मान वर करवेना. टेपेवरचा माणूस शांतपणे सांगत होता, खाली बसा, भिंतीला टेकून, नाकाने श्वास घ्या, माझ्या मुलीला अंधाराची भीती वाटते तेव्हा मी तिला आकडे म्हणायला लावतो, तुम्हीही म्हणा, एक, दोन. पोलिसांना बोलवू का, असं त्याने विचारलं. तरुण दाजी रडवेल्या सोंगात म्हणाले, नको हो, नोकरी जाईल. कुलूपवाला म्हणाला, बरं, नोकरी जायला नको. मी मागच्या दाराने येतो, ते कुलूप मला माहीत आहे, मीच बसवलंय. घाबरू नका. मी आलोच.

टेप संपली. छत्तीस वर्षांची ती बाई जमिनीवर बसली आणि आईला हाक मारून रडली. आई नव्हती. दाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि कानसेन, ज्याचे कान सगळ्यांत तिखट, तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

मग दाजी म्हणाले की चित्रपट बंद. निर्मातीबाईंना तसं सांगतो, डबे जाळून टाकतो.

"नाही," मुलगी म्हणाली. तिने तोंड पुसलं. "आता तर तुम्हाला तो काढावाच लागेल. तुमच्या शहरात बावीस वर्षं हसले. आता माझ्या गावात लोकांना दिसू द्या ते जिन्यावर का होते ते. फक्त ते मंगळवारचं हसणं त्यात नको. ते माझ्या वडिलांचं नाही."

सहीबाईंनी कागद पुढे केला नाही, तिनेच मागून घेतला. पण सही करण्याआधी ती म्हणाली, चित्रपट यायला वर्ष लागेल, आणि मला वर्षभर थांबायचं नाही. एका माणसाने हे आजच ऐकलं पाहिजे.

तासाभराने ते चौघं त्या गावातल्या गल्लीत उतरले. कुलूपवाल्याच्या फळकुटाच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान होतं. शिंपी अजून तिथेच होता, ऐंशीच्या घरात, मशीनवर वाकलेला. त्याने मुलीला ओळखलं नाही. तिने नाव सांगितलं तेव्हा ओळखलं, आणि त्याचा पाय मशीनवरच थांबला.

तिने काही समजावलं नाही. कापड बेतायच्या टेबलावरचे तुकडे बाजूला सारून यंत्र ठेवलं आणि टेप लावली. शेजारच्या मित्राचा आवाज शिंप्याने पहिल्याच शब्दाला ओळखला. तो खुर्चीचा हात घट्ट धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला. झेरॉक्सवाला येऊन उभा राहिला, दोन गिऱ्हाइकं थबकली. 'मीच बसवलंय' हे शब्द आले तेव्हा शिंप्याने डोळे मिटले.

"सगळ्यांना मीच सांगितलं होतं गं," तो म्हणाला. "पोलिसांच्या आधी. मीच."

"ठाऊक आहे," मुलगी म्हणाली. "आता हेही तुम्हीच सांगा."

शिंपी उठला. गळ्यातली मापाची पट्टी काढून त्याने टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि भिंतीचा आधार घेत समोरच्या दुकानाची पायरी चढू लागला.